रासायनिक क्लीनर सोडून घरगुती साफसफाई: विदर्भातल्या घरांमधून नेहमी येणारे प्रश्न

बचत गटाच्या बैठकीत, लग्नघरी, आठवडी बाजारात आणि सर्वात जास्त मोबाइलवरच्या आवाजी निरोपांतून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथं एकत्र लिहिले आहेत. एका उत्तरात जे सांगितलं ते दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रश्न ९, १० आणि १४ मात्र सगळ्यांनी वाचाच, अशी कळकळीची विनंती आहे.

१. घरात फिनाइल, अ‍ॅसिड, टाइल्सचं लिक्विड, भांड्यांचा साबण, सगळंच भरलेलं आहे. सुरुवात कुठून करू?

सगळं एकाच दिवशी बदलू नका. आधी घाण कशाची आहे ते बघायची सवय लावा. घरातली बहुतेक घाण तीन जातींची असते: तेलकट-चिकट, पाण्याचा पांढरा थर, आणि आजार पसरवणारे जंतू. तेलकट घाण रिठा, राख किंवा सोड्यानं सुटते. पांढरा थर आंबट वस्तूनं सुटतो, म्हणजे निंबू, चिंच, लिंबूसत्त्व. जंतूंसाठी रोजच्या दिवशी साबण, उकळतं पाणी आणि आपलं कडक ऊन पुरतं. घरात जुलाब-उलट्यांचा पेशंट असला तर मात्र ब्लीचिंग पावडरच लागते (प्रश्न १३).

दुकानातली बाटली ‘सर्व कामांसाठी’ म्हणून विकली जाते, म्हणून आपण ती सगळीकडे ओततो. घरगुती वस्तू तशी चालत नाही. प्रत्येकीचं काम ठरलेलं आहे. पहिला महिनाभर फक्त भांडी घरगुती करा. ते जमलं की फरशी, मग न्हाणी, मग कपडे.

२. सामान काय काय आणू?

रिठे, लिंबूसत्त्व, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, चिंच, मीठ. राख घरची. नारळाची शेंडी किंवा घोसाळ्याच्या वाळलेल्या फळाची जाळी घासायला. पांढरं व्हिनेगर मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर अडत नाही. लिंबूसत्त्व तेच काम करतं आणि त्याला वास नसतो. रिठे काष्ठौषधीच्या दुकानात किंवा मोठ्या किराण्यात मिळतात. सुरकुतलेले, आतून चिकट असलेले घ्या. अगदी कोरडे-हलके झालेले जुने असतात.

३. रिठ्याचं पाणी कसं करायचं? माझं तर दोन दिवसांत आंबतं.

दहा-बारा रिठे फोडून काळी बी काढून टाका, फेस सालीत असतो, बीत नाही. लिटरभर पाण्यात रात्री भिजवा. सकाळी पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर उकळा, गार झालं की हातानं कुस्करून कापडानं गाळा. चोथ्याला अजून फेस असतो, तो पुन्हा पाण्यात टाकून न्हाणी घासायला घ्या.

आंबणारच, कारण त्यात टिकवायचं काही घातलेलं नाही. उन्हाळ्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ते दुसऱ्या दिवशीच वास मारायला लागतं. फ्रिज असेल आणि लाइन टिकत असेल तर आठवडाभर राहील. नाही तर दोन दिवसांपुरतंच करा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रिठ्याची साल कडक उन्हात वाळवून कुटून डब्यात ठेवणं. लागेल तसा एक चमचा गरम पाण्यात टाकायचा. कुटताना नाकातोंडाला फडकं बांधा, पूड नाकात गेली की शिंका थांबत नाहीत आणि डोळ्यांत गेली तर आग होते.

फेस साबणापेक्षा कमी येतो. तो कमी दिसला म्हणून घाण निघत नाही असं समजू नका.

४. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा एकच ना?

नाही. खाण्याचा सोडा सौम्य असतो, गॅसची शेगडी, फ्रिज, लेकरांच्या बाटल्या यांना चालतो. धुण्याचा सोडा बराच तीव्र आहे. तेलकट कढई, मळकट पोतेरी, घामट चादरी यांना तो हवा. हात कोरडे पडतात, म्हणून हातमोजे घाला. लोकरी आणि रेशमी कपड्यांना लावू नका. अ‍ॅल्युमिनियमला दोन्हीही नको (प्रश्न ७).

५. आमचं बोरचं पाणी खारं आहे. साबण फाटतो, नळावर पांढरं चढतं, बादल्या खरबरीत झाल्या. इथं हे घरगुती काही चालेल का?

अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा तर सगळ्यांना माहीत आहे, पण बाकी विदर्भातही बोरचं पाणी बरेचदा जड असतं. यात दोन गोष्टी वेगळ्या करून बघाव्या लागतात.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबण त्यांच्याशी मिळून चोथा तयार करतो, तोच बादलीच्या कडेला आणि पांढऱ्या कपड्यांवर राखाडी थर म्हणून बसतो. रिठ्याचा असा चोथा होत नाही, म्हणून जड पाण्याच्या गावात रिठा साबणापेक्षा उजवा ठरतो. साबणच वापरायचा असेल तर आधी बादलीभर पाण्यात एक-दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवा आणि दहा मिनिटं थांबा. कॅल्शियम खाली बसतं, मग साबण कमी लागतो.

खारं पाणी म्हणजे मिठाचं प्रमाण जास्त असलेलं पाणी. सोड्यानं ते गोडं होत नाही, उकळूनही होत नाही. तिथं शेवटचं खळबळणं पावसाच्या किंवा नळयोजनेच्या पाण्यात करता आलं तर करा. पावसाळ्यात कवेलूवरचं किंवा टिनावरचं पाणी पहिल्या दोन-तीन सरी जाऊ देऊन टाकीत धरलं, तर कपड्यांचा आणि देवाच्या भांड्यांचा प्रश्न काही महिने तरी सुटतो. मला हा उपाय सगळ्यांत मोलाचा वाटतो. साबण कोणता आणावा यावर आपल्याकडे जेवढी चर्चा होते, तेवढी पाण्यावर होत नाही.

नळावर, बादलीवर, शॉवरच्या भोकांवर चढलेला पांढरा थर काढायला लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घाला, फडकं भिजवून नळाला गुंडाळा आणि अर्धा तास ठेवा. थर जुना असेल तर दोनदा करावं लागेल. पाणी तापवायच्या रॉडला तेच पाणी चालतं, पण रॉड बोर्डातून काढलेला असू द्या.

६. चुलीत पऱ्हाटी, तुराट्या, बाभूळ, गोवऱ्या सगळंच जळतं. कोणतीही राख चालते का?

स्वच्छ लाकडाची आणि गोवरीची राख उत्तम. राखेत पोटॅशियमचा क्षार असतो, तो तेलाला धरतो आणि बारीक कण घासायचं काम करतात. पऱ्हाटीवर हंगामभर फवारे बसलेले असतात, म्हणून तिची राख मी भांड्यांना घेत नाही, न्हाणी घासायला ठेवते. चुलीत प्लास्टिकची पन्नी, रंगवलेलं लाकूड किंवा खताचं पोतं जळलं असेल तर ती राख घरात कशालाच वापरू नये. राख मैद्याच्या चाळणीनं चाळा, नाही तर खडे स्टीलवर ओरखडे काढतात. ओल्या राखेत हात फार वेळ ठेवू नका, ती कातडी खाते.

चुलीवर ठेवायच्या गंजाला (पातेल्याला) बाहेरून मातीचा किंवा राखेचा पातळ लेप आधीच दिला, तर काजळी लेपावर बसते आणि पाण्यानं निघून जाते. ही जुन्या बायांची रीत आहे.

७. कोणत्या भांड्याला काय लावायचं ते एकदा नीट सांगा.

तांबं-पितळ: चिंचेचा कोळ किंवा निंबू-मीठ. घासून लगेच धुवा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. ओलं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी डाग दिसतात. पितळेच्या गंजाला आतून कल्हई असेल तर आत राख किंवा चिंच घासू नका, कल्हई उडते. आत फक्त रिठ्याचं पाणी आणि मऊ फडकं.

स्टील: राख किंवा रिठा. करपलेल्या भांड्यात पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून उकळा, रात्रभर ठेवा.

अ‍ॅल्युमिनियम: राख नको, सोडा नको. क्षारानं अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं आणि झिजतं. आतून काळा पडलेला कुकर पाणी व निंबूच्या साली घालून दहा मिनिटं उकळला की उजळतो. चिंच-निंबूचं पाणी त्यात रात्रभर मात्र ठेवू नये.

लोखंडी तवा-कढई: गरम पाणी आणि मीठ, मग चुलीवर कोरडी करून फल्लीच्या तेलाचा हात. नॉनस्टिक: फक्त रिठा आणि मऊ फडकं.

८. संत्र्याच्या सालांचं ते ‘एन्झाइम’ खरंच काम करतं का?

करतं, पण त्याच्याबद्दल सांगतात तितकं नाही. फरशीवरचा चिकटपणा, सिंकचा वास, ओट्यावरचा तेलकट हात यांसाठी ते छान आहे. जंतुनाशक म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

प्रमाण असं: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. म्हणजे १०० ग्रॅम गुळाला ३०० ग्रॅम साली आणि लिटरभर पाणी. प्लास्टिकच्या बरणीत घाला, काचेच्या नको, आणि वरचा पाव भाग रिकामा सोडा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यायचा. विसरलात तर बरणी फुगते, फुटतेही. तीन महिन्यांनी गाळा. पुसायच्या बादलीत अर्धी वाटी पुरते.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडच्या घरांना साली विकत घ्याव्या लागत नाहीत. अंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या) संत्र्यांच्या वेळी लावलेली बरणी उन्हाळ्याच्या तोंडावर तयार होते. मृग बहाराच्या (उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या) संत्र्यांची लावली तर ती आंबते ऐन तापात, म्हणून सावलीत, जमल्यास मातीच्या खोलीत ठेवा. सडलेल्या, बुरशी आलेल्या साली घेऊ नका. वर पांढरी साय आली तर चालते, काळी किंवा हिरवी बुरशी आली तर सगळं उकिरड्यावर टाका.

९. फरशीला निंबू, व्हिनेगर किंवा हे एन्झाइम लावलं तर चालेल का?

फरशी कोणती यावर आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी आणि स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा असतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. आंबटानं दगड खाल्ला जातो, चकाकी जाते आणि नंतर तिथं डाग मुरायला लागतात. संगमरवर, मोझॅक आणि सिमेंटचा कोबा यांचंही तेच. खात्री नसेल तर कोपऱ्यात निंबूचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा जागा निस्तेज पडली तर आंबट वर्ज्य. अशा फरशीला कोमट पाण्यात रिठ्याचं पाणी, बस.

चकचकीत टाइल्सना आंबट चालतं, पण टाइल्सच्या मधल्या सिमेंटच्या रेघांवर रोज ओतू नका.

१०. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की भारी फेस येतो. ते जास्त जोरदार ना? आणि त्यात थोडं अ‍ॅसिड टाकलं तर?

फेस येतो तो वायूचा. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात, उरतं ते जवळपास खारट पाणी. आधी सोड्यानं घासा, धुवा, मग हवं तर आंबट लावा. दोघांचं मिश्रण बाटलीत भरून तर मुळीच ठेवू नका, बाटली फुटते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या अक्षरात लिहून मोरीजवळ चिकटवावं असं आहे: ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कोणत्याही आंबट वस्तूत मिसळायचं नाही. शौचालयाचं अ‍ॅसिड, लिंबूसत्त्व, व्हिनेगर, एन्झाइम, काहीही असो, त्यातून क्लोरिन वायू निघतो. लहान बंद न्हाणीत तो जीवघेणा ठरू शकतो. एक वापरल्यावर भरपूर पाणी टाकून धुवा, दुसरं दुसऱ्या दिवशी वापरा. ब्लीच आणि लघवी यांच्यातूनही त्रासदायक वायू होतो, म्हणून आधी पाणी टाकायचं. चुकून वायू झाला तर साफ करत बसू नका. बाहेर उघड्या हवेत या आणि श्वासाला त्रास होत असेल तर १०८ ला फोन करा.

११. संडासासाठी अ‍ॅसिड सोडून दुसरं काय? आमच्याकडे दोन खड्ड्यांचा आहे.

मग तर अ‍ॅसिड आणि फिनाइल सोडायला तुमच्याकडे सगळ्यांत चांगलं कारण आहे. स्वच्छ भारत अभियानात गावोगावी बांधलेल्या दोन खड्ड्यांच्या शौचालयात मैला कुजवण्याचं काम जिवाणू करतात. बादलीभर फिनाइल रोज ओतलं तर तेच मरतात, खड्डा लवकर भरतो आणि वास सुटतो.

रोज: थोडं रिठ्याचं पाणी आणि ब्रश. आठवड्यातून एकदा: रात्री ओल्या भांड्यावर दोन-तीन चमचे लिंबूसत्त्व पसरा, सकाळी घासा. पिवळे कडे यानंच जातात, कारण तेही पाण्याचे क्षारच असतात. चिनीमातीच्या भांड्यात उकळतं पाणी ओतू नका, तडा जातो. वास येत असेल तर आधी पाण्याचा सांधा आणि खड्ड्याचं झाकण बघा. ते नादुरुस्त असेल तर वास कशानंच जायचा नाही.

१२. शेण आणि गोमूत्र जंतुनाशक आहे म्हणतात. फिनाइलऐवजी तेच वापरू का?

मातीच्या घराला शेण-मातीच्या सारवणासारखं दुसरं काही नाही. धूळ बसते, भेगा बुजतात, उन्हाळ्यात गारवा राहतो. सारवण त्या कामासाठी करा. जंतू मारायला शेण नाही. त्यात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात, म्हणून उघड्या जखमेजवळ, बाळंतिणीच्या खाटेशी आणि विशेषतः बाळाच्या नाळेला शेण किंवा राख कधीही लावू नये. सारवताना हाताला चीर असेल तर हातमोजे घाला.

जनावरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो, त्यामुळे गोठ्यातलं ताजं मूत स्वयंपाकघरात किंवा खायच्या भांड्यांजवळ नको. बाजारातल्या गोमूत्र फिनाइलच्या बाटलीवर काय काय लिहिलं आहे ते वाचा. बरेचदा त्यात पाइन तेल आणि जंतुनाशकही असतं, म्हणजे ते निव्वळ गोमूत्र नसतं.

१३. पावसाळ्यात घरात जुलाब-उलट्या लागल्या. तेव्हाही घरगुतीच?

तेव्हा नाही. उलटी किंवा शौच सांडलेल्या जागेवर ब्लीचिंग पावडरच लागते. लिटरभर पाण्यात साधारण ३० ग्रॅम ताजी पावडर घातली की जवळपास एक टक्का द्रावण होतं. आधी राख किंवा जुन्या कापडानं घाण उचला, मग द्रावण ओतून अर्धा तास राहू द्या. हातमोजे घाला, खिडकी-दार उघडं ठेवा. पावडर ग्रामपंचायतीकडे असते, पण उघड्या पोत्यातली जुनी घेऊ नका, उन्हाळ्यानं तिचा जोर गेलेला असतो. द्रावण रोज नवं करायचं.

पेशंटचे कपडे उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात. हात साबणानंच धुवा.

१४. फवारणीचे कपडे रिठ्याच्या पाण्यात धुतले तर?

कृपा करून नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. कपड्यांत मुरलेलं औषध धुणाऱ्या बाईच्या हातात जातं. पुष्कळ औषधं तेलकट असतात. त्यांना भरपूर डिटर्जंट आणि सोसेल तितकं गरम पाणी लागतं.

त्याच दिवशी, घरच्या कपड्यांपासून वेगळे, हातमोजे घालून दोन-तीनदा धुवा. बादली वेगळी ठेवा. वाळत घालायचे ते उन्हात. मूळ औषध, पाणी न घातलेलं, कपड्यावर सांडलं असेल तर तो कपडा धुऊन वापरायचा नाही. धुण्याचं पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका. आणि औषधाच्या रिकाम्या डब्यात रिठ्याचं पाणी, एन्झाइम किंवा घासलेट काहीही भरू नका, कितीही धुतलेला असला तरी.

१५. माठ कशानं धुवायचा?

साबण, रिठा, सोडा काहीच नाही. माठाच्या छिद्रांत ते मुरतं आणि पाण्यात उतरतं. शेंडी, गरम पाणी, उन्हात दिवसभर पालथा. शेवाळ असेल तर मीठ.

१६. कपाटात डामर गोळ्यांऐवजी काय ठेवू?

सावलीत खडखडीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, आणि वर्षातून दोनदा सगळे कपडे उन्हात. ओलसर पाला ठेवला तर डाग पडतात. डामर गोळ्या तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत तर ठेवूच नका. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी त्यानं फुटतात आणि जोराची कावीळ होते. कमतरता आहे की नाही हे घरच्यांना बहुधा माहीतच नसतं.

१७. सागवानी दारं पॉलिशच्या वासाशिवाय कशी चमकवायची?

जवसाचं तेल. आधी दार कोरड्या फडक्यानं पुसा, मग अगदी पातळ हात द्या, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून घ्या. वाळायला काही दिवस लागतात.

एक धोका फार थोड्यांना ठाऊक आहे. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वाळताना हे तेल उष्णता सोडतं, आणि गोळ्यात ती बाहेर पडत नाही. फडकी एकेक करून दोरीवर पसरा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात तर विसरूच नका.

१८. हे सांडपाणी परसबागेत सोडू का?

रिठ्याचं पाणी पातळ करून सोडा, चालतं. सोड्याचं पाणी सोडू नका. दोन्ही सोड्यांत सोडियम असतं आणि काळ्या कापसाच्या जमिनीत सोडियम वाढलं की माती चिकट होऊन पाणी जिरत नाही. खारपाणपट्ट्यात हे दुखणं आधीच आहे. राखेचं पाणीही रोज नको, आपली जमीन मुळात विम्लधर्मी आहे. अशा पाण्याला शोषखड्डा करा.

रिठ्याबद्दल एक अपवाद. रिठ्यातला आणि हिंगणबेट या काटेरी झाडाच्या फळातला फेस माशांना विषारी असतो. म्हणून तळ्यात, नाल्यात किंवा बोडीत उभं राहून या पाण्यानं कपडे धुऊ नका. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून मासे वाचत नाहीत.

१९. म्हणजे घरगुती सामानही लेकरांपासून लांब ठेवायचं?

हो. धुण्याचा सोडा गिळला तर घसा भाजतो. कापूर लहान लेकरानं थोडासा खाल्ला तरी झटके येऊ शकतात. थंड पेयाच्या बाटलीत एन्झाइम किंवा रिठ्याचं पाणी भरून ठेवलं आणि कोणी पाणी समजून प्यायलं, हे खूप घरांत होतं. बाटलीवर लिहा आणि वरच्या फळीवर ठेवा. अ‍ॅसिड, सोडा किंवा घासलेट पोटात गेलं तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या.

२०. घरात उरलेलं अ‍ॅसिड आणि फिनाइल फेकून देऊ का?

फेकू नका, विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका, दोन बाटल्या एकीत एक करू नका. फिनाइल अंगणाबाहेरच्या नालीसाठी थोडं थोडं वापरून संपवा. अ‍ॅसिडची बाटली शेजारी कोणी टाइल्सचं काम करणारा मिस्त्री असेल तर त्याला मूळ बाटलीसकट द्या. रिकाम्या बाटल्या तीनदा धुऊन, भोक पाडून भंगारात घाला, म्हणजे त्यात उद्या कोणी तेल भरणार नाही.